एकाच खोलीत चार हवामानं: एसीच्या रिमोटवरून घरात भांडणं का होतात

मे महिना लागला की आमच्या घरात चार माणसं एका खोलीत झोपतात. फ्लॅट तसा टू बीएचके आहे, बोरिवलीत, सातवा मजला, वर डायरेक्ट गच्ची, पण एसी एकाच बेडरूममध्ये, आणि दुसरा घ्यायचा विषय दर मे महिन्यात निघतो आणि जूनच्या पहिल्या पावसात वाहून जातो. त्यामुळे रात्री साडेदहाला हॉलमधली गादी आत येते, सासूबाईंची फोल्डिंगची कॉट आत येते, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, सगळा संसार आत, दार बंद, आणि पाच मिनिटांत सुरू. नवरा म्हणतो अठरा कर. सासूबाई म्हणतात, "अगं कशाला एवढं, पंखा पुरे की, माझे गुडघे धरतात." मुलगा खाली गादीवर मोबाइलमध्ये, त्याला म्हणे काहीच फरक पडत नाही, आणि अर्ध्या तासाने आजीची गोधडी त्याच्याच अंगावर सापडते. मी नुकतीच ओटा पुसून आलेली असते, मला कुठलाही आकडा चालतो, फक्त लवकर.

यातली गंमत अशी की माझं पोटापाण्याचं कामच हे आहे. एसीचं डिझाइन करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी हीट लोड काढते, म्हणजे अमुक शोरूमला किती टनाचा एसी लागेल, काच कुठल्या दिशेला आहे, माणसं किती, दिवे किती, असा सगळा हिशोब. दिवसभर लोकांच्या जागा गार करायच्या आणि रात्री स्वतःच्या बेडरूमचा तंटा सुटत नाही. नवरा तर नातेवाइकांत सांगत फिरतो, ही एवढी एक्सपर्ट आणि आमच्याकडे रोज युद्ध. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं की हे भांडण नक्की कशावरून असतं, कारण मला आता खात्री झालीये की चौघंही खरं बोलत असतात. नवऱ्याला खरंच उकडतं आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, त्याच क्षणी त्याच खोलीत खरंच गारठतं.

सुरुवात आपल्या अंगापासून करू. आपण नुसतं बसलो तरी शरीर उष्णता तयार करत असतं, मोठ्या माणसाची साधारण १०० वॅट, म्हणजे पूर्वी घरोघरी असायचा तो पिवळा शंभरचा बल्ब. झोपलो की ती थोडी उतरते, सत्तरपंच्याहत्तरवर येते. आमच्या खोलीत चार माणसं म्हणजे असे चार बल्ब रात्रभर चालू. ही उष्णता बाहेर पडत राहिली पाहिजे, कारण आतलं तापमान ३७ च्या आसपास धरून ठेवायचंय. ती जितकी तयार होते तितकीच सहज निघून गेली तर आपल्याला काहीच जाणवत नाही, आणि त्यालाच आपण "बरं वाटतंय" म्हणतो. निघायला अडचण आली की उकडतं, घाम येतो. गरजेपेक्षा जास्त निघून गेली की थंडी वाजते. बस, एवढंच आहे.

पण ती निघते कशी यावर एका माणसाने अख्खं करिअर घातलंय. डेन्मार्कचे प्राध्यापक पोवल ओले फँगर. त्यांनी माणसांना खोलीत बसवून बसवून मोजमापं केली आणि १९७० साली सगळं गणितात मांडलं, आजही आमच्या ऑफिसात आम्ही त्याच पायावर काम करतो. त्यांचं म्हणणं असं की गार वाटणं की गरम वाटणं हे सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-छताचं तापमान, हवेचा वेग, हवेतला दमटपणा, अंगावरचे कपडे, आणि तुम्ही काय करताय किंवा आत्ता काय करून आलाय. आता रिमोट हातात घेऊन बघा, त्यावर या सहापैकी किती दिसतात? मोठ्या आकड्यात एकच. म्हणजे पंख्याची स्पीड आणि झडपेचं बटण असतं, पण ते कोण दाबतं. आख्खं घर एका आकड्यावर भांडतं आणि उरलेल्या पाच गोष्टी तशाच पडून राहतात.

फँगरच्या गणितात अजून एक गोष्ट आहे जी मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. कितीही परफेक्ट तापमान ठेवा, म्हणजे सगळ्यात जास्त लोकांना सुखाचं वाटेल असं, तरी १०० मधले ५ जण कुरकुरणारच. शून्य कधीच येत नाही. चारच माणसं असली तर पाच टक्के म्हणजे काय, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, तू.

आता नवऱ्याचंच बघा. लोअर परळहून निघतो, दादरला फास्ट लोकल पकडतो, संध्याकाळच्या गर्दीत अंधेरीपर्यंत हात वर करायलाही जागा नसते, मग बोरिवलीचा पूल, जिना, रिक्षाची लाइन, आणि घरी आल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला. त्याचं शरीर तेव्हा बसलेल्या माणसाच्या दुप्पट तरी उष्णता तयार करत असतं, आणि ती काही दारात चपला काढल्या की बंद होत नाही. पुढची पंधरावीस मिनिटं त्याला १८ सुद्धा कमीच वाटणार. पण आकडा तो त्या पंधरा मिनिटांसाठी लावतो आणि मग तसाच ठेवून झोपतो. आई दुपारपासून घरात, जेवून टीव्हीसमोर बसलेल्या, अंगात उष्णता बेताची. शिवाय वय वाढलं की स्नायू कमी होतात, आणि बसल्याजागी तयार होणाऱ्या उष्णतेचा बराच वाटा स्नायूंचा. त्यामुळे त्या नाटक करत नाहीयेत, त्यांचा बल्बच शंभरचा नाही.

बायका आणि पुरुषांचा मामला पण असाच आहे, फक्त यात जरा इतिहासाचा अन्याय आहे. ऑफिसांची तापमानं ठरवणाऱ्या गणितात शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरला गेला तो साधारण चाळिशीच्या, ७० किलोच्या पुरुषाचा होता. नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की बायकांसाठी तो आकडा बराच जास्त ठरू शकतो, ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणून बीकेसीतल्या ऑफिसात बाहेर ३३ डिग्री असताना आतल्या बायका खुर्चीला कायमची एक शाल लटकवून ठेवतात. माझी पण आहे, मरून रंगाची, धुवायला फक्त दिवाळीत घरी येते. आणि उलट बाजू पण सांगते कारण याबद्दल कोणी बोलत नाही. पाळी जाण्याच्या वयात शरीराचा "ठीक आहे" वाला पट्टा एकदम अरुंद होतो, म्हणजे घाम यायची रेषा आणि हुडहुडी भरायची रेषा जवळ येतात, जरासा बदल झाला तरी शरीर धोक्याची घंटा वाजवतं, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं आणि पाच मिनिटांनी गार पडायला होतं. घरातली बाई दहा मिनिटांत दोनदा रिमोट मागत असेल तर तिला "तुझं काही खरं नाही" म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या.

आता खोलीकडे येऊ, इथे माझा खरा जीव रमतो.

आमच्या बेडरूमची एक भिंत पश्चिमेला आहे आणि वर गच्चीचा स्लॅब. दुपारभर दोन्हीवर ऊन. बेडरूम साधारण दहा बाय बाराची, स्लॅब पाच इंचाचा धरला तर फक्त आमच्या डोक्यावरच्या तुकड्याचं वजन तीन टनांच्या वर होतं. तीन टन काँक्रीट दिवसभर तापवलेलं. त्याच्यापुढे खोलीतल्या हवेचं वजन किती, तर चाळीसेक किलो, म्हणजे एका शाळकरी पोराएवढं. एसी या चाळीस किलो हवेला पटकन गार करतो, त्यात त्याला काही कष्ट नाहीत, पण रात्री अकरालाही तो स्लॅब तव्यासारखा आपल्याकडे उष्णता फेकत असतो. हवेला न विचारता, थेट. उन्हात उभं राहिल्यावर चटका बसतो आणि सावलीत बसत नाही, हवा तीच असून, तशातलाच प्रकार. म्हणून आमच्याकडे २४ ला जे वाटतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे २६ ला वाटतं. त्यांचा सल्ला आम्हाला आणि आमचा त्यांना काही उपयोगाचा नाही. यावर सगळ्यात भारी उपाय एसीचा नाहीच आहे, गच्चीवर पांढरा रंग मारणं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा शेड, हे आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पांढऱ्या रंगाचा विषय मी तीनदा काढलाय आणि तीनही वेळा पार्किंगवर गेलाय.

आता आमच्याकडचा दुसरा प्रश्न, की सुरुवातीला १६ लावलं तर खोली लवकर गार होते का. नवऱ्याचं ठाम मत, होते. आपल्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप डोळ्यासमोर आणा. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवतो, वर फ्लोट असतो, टाकी भरली की पंप बंद. आता तुम्ही फ्लोट वर सरकवला तर पंप जोरात पाणी चढवेल का? नाही. तो त्याच जोराने चढवेल, फक्त जास्त वेळ चालेल. जुना साधा एसी असाच असतो, कॉम्प्रेसर एकतर चालू नाहीतर बंद. १६ लावा की २४ लावा, २४ पर्यंत यायला तेवढाच वेळ, फरक इतकाच की १६ लावलेला एसी २४ ला थांबणार नाही, पुढे चालतच राहील आणि आमच्या स्लॅबखाली बहुतेक रात्रभर १६ ला पोचणारच नाही. इन्व्हर्टर एसीत थोडी वेगळी गोष्ट आहे, तो आकड्याच्या जवळ आला की स्वतःहून हळू होतो, त्यामुळे १८ लावलं तर शेवटची एकदोन डिग्री किंचित लवकर उतरते, हे मला मान्य करावं लागलं आणि त्या दिवशी नवऱ्याने आइस्क्रीम आणलं.

टनावरून आठवलं, दीड टनाचा एसी म्हणजे त्याचं वजन दीड टन, असं आईंना वाटायचं आणि त्या भिंतीकडे जरा काळजीने बघायच्या, पण तसं नाही. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खाईल तेवढी बाहेर काढायची ताकद, साधारण साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या धंद्यातून आलेलं माप आहे ते. मुंबईत तर १८३० च्या दशकात अमेरिकेहून जहाजाने बर्फ यायला लागला होता, भुशात गुंडाळून, चार महिने समुद्रातून, आणि जे.जे. हॉस्पिटलवाले सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खायला घातलं तर यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली असा एक किस्सा सांगितला जातो. आईंना हा किस्सा भयंकर आवडला. सर्दी व्हायरसने होते हो आई, असं मी म्हटलं, पण जीजीभॉयांपुढे माझं काय चालणार.

आता मुंबईची खरी गोष्ट, दमटपणा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ३३-३४, रात्री २७-२८. नागपूरच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसतो, त्यांच्याकडे ४५. पण त्यांच्याकडे घाम येतो आणि उडून जातो, उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे हवा आधीच पाण्याने भरलेली, घाम उडत नाही, नुसता ओघळतो, म्हणून चिकचिक. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचे निकष पण वेगळे ठेवलेत, सपाट प्रदेशात निदान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच विचार सुरू होतो.

त्यामुळे मुंबईत एसी दोन कामं करतो, हवा गार करणं आणि हवेतलं पाणी काढणं, आणि दुसरं काम किती मोठं आहे ते मला ऑफिसात रोज आकड्यात दिसतं पण पटलं घरी. झालं काय की आमच्या एसीचा ड्रेन पाइप निसटला आणि पाणी सहाव्या मजल्याच्या पत्र्यावर टपटप पडायला लागलं, रात्रभर, आणि सकाळी खालचे काका वर आले. माणूस येईपर्यंत मी पाइप खिडकीतून आत घेऊन बादलीत सोडला. सकाळी बादलीत पाचेक लिटर पाणी. हे पाणी रात्री आमच्या हवेत होतं, चौघांच्या श्वासातून, घामातून आणि दाराखालच्या फटीतून आलेलं. आता हिशोब बघा, खोलीतली सगळी हवा ३० वरून २४ वर आणायला फार तर अडीचशे किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि एक लिटर वाफेचं पाणी करायला सुमारे २४०० काढावी लागते. जवळजवळ दहापट. आणि आमच्याकडे पाच लिटर. म्हणजे एसी रात्रभर बिलाचा केवढा भाग नुसतं पाणी पिळण्यात घालवतो. तसंही विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जे यंत्र बनवलं, ज्याला आपण आधुनिक एसीचा पूर्वज म्हणतो, ते माणसांसाठी नव्हतंच, दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग सरकायचे म्हणून होतं.

याचा भांडणाशी संबंध असा, की बऱ्याच वेळा आपल्याला तापमान नको असतं, चिकचिक नको असते. हवा कोरडी असली की २६ सुद्धा मस्त वाटतं. पावसाळ्यात तर बाहेर फार गरम नसतं, नुसतं दमट, तेव्हा आपण १८ लावतो आणि अंग गार पण चादर ओलसर असा विचित्र प्रकार होतो. रिमोटवर पाण्याच्या थेंबाचं चित्र असलेलं ड्राय मोड म्हणून बटण असतं, त्यात एसी पंखा हळू करून पाणी काढण्यावर भर देतो. पावसाळ्यासाठी ते बटण आहे. चार वर्षं आमच्या रिमोटवर ते होतं आणि कोणी एकदाही दाबलं नव्हतं, माझ्यासकट.

मग तो रिमोटवरचा २४ नक्की कुठला? हे पण बघण्यासारखं आहे. तापमान मोजणारा सेन्सर स्प्लिट एसीच्या आतच असतो, फिल्टरच्या मागे, जिथून तो खोलीतली हवा ओढतो, म्हणजे जमिनीपासून सातआठ फुटांवर. गार हवा जड, ती खाली बसते. त्यामुळे छताजवळच्या हवेचं तापमान एक, पलंगावर दुसरं, आणि जमिनीवरच्या गादीवर तिसरंच. कंपन्या अंदाजाने थोडी वजाबाकी करतात पण त्यांना काय माहीत आमचा मुलगा खाली झोपतो. तो सगळ्यात गार तळात, जणू पाण्याच्या टाकीच्या बुडाशी. आई कॉटवर, पण कॉट बरोब्बर एसीसमोर, झोत सरळ मानेवर आणि पायांवर. चामडीत गारवा ओळखणाऱ्या जागा गरमीच्या जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे आख्खं अंग उबेत असलं तरी मानेवर एक बारीक झोत पुरतो. पेपरमिंटची गोळी खाल्ली की जीभ गार पडते ना, तापमान न बदलताच, ते याच गारव्याच्या संवेदकांना फसवून होतं. नवरा भिंतीकडच्या बाजूला, तापलेल्या पश्चिमेला चिकटून. मी मधे. चौघांचं हवामान वेगळं, रिमोट एक.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे यंत्र चालू-बंद करणारी वस्तू, हा प्रकारच मुळात तक्रारीतून निघालाय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते, कॉलेजचा शिपाई सारखा वर्गात घुसून थर्मामीटर बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करायचा, शिकवण्यात व्यत्यय. त्यांनी विजेवर चालणारी घंटा केली जी तळघरात वाजायची, १८८३ मध्ये पेटंट मिळवलं. तिकडे घरातली भांडणं हीटरवरून असतात, कोणाला २० पाहिजे कोणाला २२. आपल्याकडे उलटं, पण नवराबायको तेच.

आता पैसे, कारण शेवटी सासरे असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे ते एसीवर स्टारचं लेबल लावणारं सरकारी खातं, त्यांचा हिशोब असा की एक डिग्री वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. १८ वरून २४ म्हणजे एकावर एक धरत गेलं तर तीस टक्क्यांच्या आसपास. का ते सोपं आहे, बाहेर २८ आणि आत २४ तर फरक ४ चा, आत १८ तर फरक १० चा, जेवढा फरक मोठा तेवढी उष्णता भिंतीतून आत घुसते आणि तेवढी परत उपसायची. याच खात्यामुळे १ जानेवारी २०२० पासूनचे नवीन एसी पहिल्यांदा चालू केले की २४ वर येतात, पुढे तुम्ही काहीही करा. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाणारच नाही असा नियम आणायचं बोलून दाखवलं तेव्हा आमच्याकडे नवऱ्याने बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला, काही बोलला नाही. जपानमध्ये २००५ पासून सरकार ऑफिसांना उन्हाळ्यात २८ ठेवा आणि कोट-टाय काढा म्हणून सांगतंय, म्हणजे कपड्यांचा आकडा बदला, रिमोटचा नाही. आणि बिलाची एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आपल्याकडे युनिटला टप्प्याटप्प्याने दर वाढतो, १००, ३००, ५०० असे टप्पे. फ्रिज, दिवे, पंखे तर बाराही महिने आहेतच, ते खालच्या स्वस्त टप्प्यात बसून जातात, आणि मे महिन्यात एसीची युनिटं त्यांच्या डोक्यावर, म्हणजे सगळ्यात महाग दराने लागतात. त्यामुळे सरासरी दराने हिशोब केला तर एसी आहे त्यापेक्षा स्वस्त वाटतो.

आता पहाटेचा प्रश्न, जो प्रत्येक घरात असतो. रात्री ज्याने भांडून १८ लावलं तोच पहाटे चारला दुसऱ्याची चादर का ओढतो? तर शरीराचं आतलं तापमान दिवसरात्र वरखाली होतं आणि पहाटेच्या सुमारास ते सगळ्यात खाली असतं. झोपताना हातपाय गरम होतात, रक्त चामडीकडे येतं, उष्णता बाहेर टाकायची असते, तेव्हा गारवा हवाहवासा वाटतो. पहाटेपर्यंत ते काम झालेलं असतं, स्लॅबही निवलेला असतो, आणि वर स्वप्नं पडणाऱ्या झोपेत शरीराचा घाम-हुडहुडीचा बंदोबस्त जवळजवळ सुट्टीवर असतो. मग थंडीने जाग येते. स्लीप मोडचं बटण यासाठीच आहे, बऱ्याच एसीत ते पहिल्या एकदोन तासांत एकेक डिग्री वर नेतं आणि तिथे ठेवतं. अंगाच्या घड्याळाप्रमाणे.

या वर्षी आम्ही काय केलं ते सांगते. आकड्यावर बोलायचं नाही असं ठरवलं आणि फँगरच्या बाकीच्या पाच गोष्टींना हात लावला. आईंची कॉट झोतातून काढून कपाटाच्या आडोशाला नेली, पायात मोजे, हा उपाय त्यांना स्वतःलाच सुचला. मुलाच्या गादीखाली जुनी सतरंजी. एसीची झडप खाली होती ती आडवी केली म्हणजे गार हवा छताला धरून जाते आणि मग सगळीकडे उतरते. नवऱ्याने घरी आल्याआल्या आधी अंघोळ करायची आणि वीस मिनिटं हॉलमध्ये पंख्याखाली बसायचं, मग आत यायचं. फिल्टर धुतला, त्यातून जे निघालं ते मी इथे लिहित नाही. आणि मुख्य म्हणजे एसी २६ वर आणि सोबत छताचा पंखा. अंगावरून बऱ्यापैकी वारा गेला की दोनतीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं, आणि पंखा खातो किती, जुना असला तरी सत्तरपंच्याहत्तर वॅट. एसीबरोबर पंखा लावू नये असं जे अनेक घरांत म्हणतात त्याला काही अर्थ नाही, फक्त खोली आधी थोडी गार होऊ द्या, नाहीतर तो स्लॅबजवळची गरम हवा खाली ढकलतो.

पहिल्या तीन रात्री कोणीच काही बोललं नाही. रिमोट ड्रेसिंग टेबलवर पडून, त्याच्यावर केसांचा क्लिप. पंख्याचा रेग्युलेटर मात्र दारामागे आहे, आणि रात्री पाणी प्यायला जो उठतो तो तीनचा पाच किंवा पाचाचा तीन करूनच परत येतो.